डोळ्यांनी पाहिलेली राणी

यवतमाळला कशाला गेला होतात, असं परत आल्यावर शिक्षकांच्या खोलीत मला सगळ्यांनी विचारलं. तिकडे ना मोठं देवस्थान, ना थंड हवेची जागा. मी सांगितलं, राणीची गढी पाहायला. मग मात्र माना वर झाल्या, कारण ती राणी पुण्यात सर्वांच्या ओळखीची होती. दोनेक वर्षांपूर्वी तिच्यावरचा बोलपट लागला होता तेव्हा आमच्या शाळेच्या मुली वर्गावर्गाने तो पाहून आल्या होत्या. बोलपटाचं नाव इथे देत नाही. गोष्ट एवढीच: वऱ्हाडातली एक लहानशी गढी, नवरा लढाईत पडलेली तरुण राणी, बाहेर शत्रूचा वेढा. गढीला धान्य पुरवणारा हामू नायक नावाचा लमाण सोन्याच्या थैलीला भुलतो आणि पहाटे दार उघडून देतो. राणी पांढऱ्या घोड्यावर बसून बुरुजावरून उडी घेते. तिथे सगळं थिएटर हुंदके देत असे.

मी इतिहास शिकवते. त्या वर्षीच्या सहामाहीत मुलींना मध्ययुगीन वऱ्हाडावर चार ओळी लिहायला सांगितल्या तर निम्म्या वर्गाने ती उडी लिहिली. एकीने घोड्याचा रंगही लिहिला होता. मी ग्रंथालयात जाऊन मिळतील ती पुस्तकं चाळली. एका जुन्या इंग्रजी ग्रंथात त्या गावाच्या नावापुढे एवढंच होतं: येथे एक पडकी गढी आहे.

आपण ती पाहायला जाऊ, असं मालतीने तेव्हाच ठरवलं होतं. मालती आमच्या शाळेत चित्रकला शिकवायची. नारायण पेठेत आम्ही दोघी कितीतरी वर्षं एकाच बिऱ्हाडात राहिलो. एकीने भाजी चिरायची, दुसरीने पोळ्या लाटायच्या, दर रविवारी काहीतरी पाहायला जायचं. गेल्या उन्हाळ्यात तिने लग्न केलं, चाळिशी उलटल्यावर, इंदूरच्या एका विधुर वकिलांशी. मला आनंद झाला आणि तो खरा होता. तिची ट्रंक मीच बांधून दिली. पण त्यानंतर घरात संध्याकाळ फार लवकर व्हायला लागली. कोणी मेलं असतं तर माणसं समाचाराला तरी आली असती. इथे तर पेढे वाटले गेले होते. नाताळची सुट्टी तोंडाशी आली तेव्हा त्या दोन खोल्यांत सबंध सुट्टी काढण्याची मला भीती वाटली, आणि मी वळकटी बांधली.

राळेगावची वाट

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून यवतमाळच्या लहान गाडीत बसलं की आपण खेळण्यात बसलो आहोत असं वाटतं. ती इतकी सावकाश जाते की एक गृहस्थ मध्ये उतरून बोरं वेचून परत डब्यात चढले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. आमच्याकडे पौषात रानं करडी होतात. इथे काळ्या मातीवर पांढरं आणि वर स्वच्छ निळं, एवढेच रंग. मालती असती तर तिने नुसत्या काळ्या पेन्सिलीने हे सगळं काढलं असतं, असं मनात आलं, आणि ते कोणाला सांगायचं हे न कळून मी समोरच्या बाईंना विचारलं, तुम्ही कुठे जाणार? त्या म्हणाल्या, दारव्ह्याले. मग त्या डोळे मिटून पेंगू लागल्या.

यवतमाळला माझी एक जुनी विद्यार्थिनी दिलेली आहे. तिच्या सासऱ्यांनी चिंचगढीच्या पाटलांना माझ्याबद्दल निरोप धाडला होता. तिच्याकडे एक रात्र काढून मी एस.टी.ने राळेगावला आणि तिथून दुसऱ्या एस.टी.ने पुढे निघाले. कंडक्टरने फाटा आला म्हणून उतरवलं, आणि बस धूळ उडवत गेल्यावर कळलं की हा फाटा दुसराच. उन्हात वळकटीवर बसून राहिले. अखेर एक बैलगाडी आली, वर शिगोशीग कापूस. गाडीवानाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"एकल्याच आल्या का जी? संगं कोणी नाई?"

मी नाही म्हणाले. त्याने थोडा विचार केला, मग उतरून कापूस दाबून माझ्यापुरती जागा केली. कापसात बसण्यासारखं सुख नाही. मी तिथेच झोपले, आणि चिंचगढीच्या पाटलांच्या दारात उतरले ती केसांत, चष्म्यात, पदरात कापूस घेऊन. पाटलीणबाई पाहुणीच्या स्वागताला ओवाळणीचं तबक घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी तबक खाली ठेवलं आणि हसू दाबत आधी माझी झटकणी केली.

चिंचगढी

शेषराव पाटील साठीचे, शांत, हळू बोलणारे. पाटलीणबाई, यशोदाबाई, त्यांच्याहून बऱ्याच लहान. लेकी सासरी गेलेल्या, घर मोठं आणि त्यात ही दोघं. जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, भाजी. तिच्यावर लाल तेलाचा बोटभर थर. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी गुळाचा खडा मागितला. पुण्याची माणसं आमटीतसुद्धा गूळ घालतात हे ऐकून यशोदाबाईंना माझी खरोखरच दया आली.

जेवणानंतर बोलपटाचा विषय मी काढायच्या आधी त्यांनीच काढला. राळेगावच्या बाजारात तंबूचा सिनेमा आला होता. गढीचं नाव त्यात घेतात हे कळल्यावर सारं गाव गाड्या जुंपून पाहायला गेलं. शेवटच्या प्रसंगाला बायांनी तंबूत ओंजळीने कुंकू फेकलं. यशोदाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मले वाटे, मीच उडी मारून राह्यली." दुसऱ्या दिवशी त्या गढीवर गेल्या आणि बुरुजाखाली जो एक उभा दगड होता त्याला हळदकुंकू लावून आल्या. तोपर्यंत तिथे दगड होता. त्या दिवसापासून तिथे राणी झाली.

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. लग्न होऊन या गावात आल्यापासून त्यांनी गढी रोज पाहिली होती. तिथे कोणी राणी राहत होती हे त्यांना सिनेमाने सांगितलं. मला त्यांना काही विचारावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी मला गढी दाखवली. गावाबाहेर टेकाडावर पांढऱ्या मातीचा तट, बराचसा पावसाने विरघळलेला, एक बुरूज, एक बुजलेली विहीर, आणि कोपऱ्यात देवीचं ठाणं. बुरूज जेमतेम दोन पुरुष उंच. बोलपटातली गढी काळ्या कातळाची होती. ती आमच्या सह्याद्रीतल्या कुठल्यातरी किल्ल्यावर घेतली असणार, तिच्यामागे कडे दिसत होते. मी चाचरत म्हटलं की सिनेमात हे दगडी होतं.

"पहिले दगडाचीच होती जी," पाटील म्हणाले. "लोकाईनं दगड नेले."

मी गावाकडे पाहिलं. सगळी घरं मातीची. दगड कुठे नेले असं विचारल्यावर त्यांनी दूरवर हात केला. मग सांगितलं की टेकाडाखालचा नालाही पूर्वी मोठा होता, नदीच म्हणा, आणि पलीकडे डोंगर होता. मी विचारलं, हे तुम्हाला वडलांनी सांगितलं का. ते थांबले, आठवू लागले. नाही, वडील गढीबद्दल काही बोलत नसत. वडील म्हणत, इथली माती घर सारवायला चांगली.

बुरुजाखालच्या राणीला नऊवारी लुगडं नेसवलं होतं आणि नाकाच्या जागी मोत्यांची नथ, थेट आमच्या पेठेतल्या लग्नातली. या भागात बायका तशी नथ घालत नाहीत. ती पडद्यावरून इथे आली होती.

टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर चाळीसएक झोपड्यांची वस्ती दिसत होती. ती कोणाची, असं मी विचारलं. पाटील म्हणाले, तो तांडा, आणि थोडं थांबून, "हामूचे लोक."

तांडा

दुपारी यशोदाबाई आडव्या झाल्यावर मी एकटीच तिकडे गेले. पूर्वी ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्याच्या गोणी घालून मुलुखभर हिंडत. आगगाडी आली आणि तो धंदा गेला. आता ती कापूस-तूर पिकवतात, पण वस्तीला अजून तांडाच म्हणतात, आणि मुख्याला नायक. मी पोचले तेव्हा बाया दारांत बसून कापडावर टाके घालत होत्या. मला पाहून बोलणं थांबलं. एकीने छांटिया, म्हणजे डोक्यावरची ओढणी, पुढे ओढली.

धनसिंग नायकांनी माझ्यासाठी खाट टाकली. पन्नाशीचे, पागोटं बांधलेले. मी पुण्याची, शाळेत इतिहास शिकवते, हे ऐकल्यावर ते खाटेसमोर जमिनीवर बसले. मग बोलू लागले. आवाज चढवला नाही त्यांनी एकदाही.

गढीवरच्या देवीची जत्रा पौषात भरते. त्या दिवशी पहिल्या घागरभर पाण्याचा मान तांड्याच्या बायांचा. त्या गात वर जात, देवीला पाणी घालत, आणि मग पाटलांकडचा नारळ फुटे. हे कधीपासून ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सिनेमा आला त्या वर्षी गावाने निरोप धाडला की या खेपेला येऊ नका. भांडण नाही, शिवीगाळ नाही. पाटील स्वतः आले होते सांगायला. म्हणाले, लोकांचं मन खराब आहे, एक वर्ष जाऊ द्या. दुसरंही वर्ष तसंच गेलं. तांड्याची पोरं गावच्या शाळेत जायची. तिथे मधल्या सुट्टीत राणीचा खेळ सुरू झाला. हामू कोण होणार हे ठरवावं लागत नसे. खेळच तो, पण मार खराच लागायचा. पोरं घरी बसली ती बसलीच.

"हामू आमचाच होता," नायक म्हणाले. "तो गद्दार नव्हता. पण आमाले कोण पुसते? तुमी शिकेल-पढेल आहा, पुण्याच्या आहा. तुमी सांगान तं गाव ऐकन."

मी विचारलं, हामूबद्दल तुमच्याकडे काय सांगतात. ते म्हणाले, आहे एक गाणं, पण ते बायांचं. त्यांनी झोपडीच्या दाराकडे पाहिलं. तिथे त्यांची आई बसली होती, जमनाबाई. सारा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. हातभर पांढऱ्या बांगड्या, पाठ वाकलेली, नजर अजून धारदार. मी तिला गाण्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, ते गाणं गढीवर म्हणतात. इथे नाही. आणि पुन्हा सुईत दोरा ओवू लागली.

परत येताना मला फार अवघडल्यासारखं झालं. या माणसांना वाटत होतं की माझ्याजवळ काहीतरी आहे. माझ्याजवळ एक ओळ होती: येथे एक पडकी गढी आहे. त्या संध्याकाळी मी पाटलांच्या ओसरीवर बसून राहिले. गावात चुली पेटल्या होत्या, धूर टेकाडाच्या उंचीला जाऊन थांबला होता. अशा वेळी मालतीशी बोलून काय करावं ते ठरवायची मला सवय. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, तुला जे खरं वाटतं तेवढंच बोल, जास्त नाही. तेच मी माझं मला सांगितलं, पण स्वतःच्या आवाजात ते तितकंसं पटत नाही.

जत्रा

मी गेले त्या आठवड्यातच जत्रा होती. टेकाडावर रेवड्या-बत्ताशांची दुकानं, बांगड्या, एक लहानसा पाळणा. देवीपेक्षा राणीच्या दगडापुढे गर्दी जास्त होती. बाया तिला आपली सुखदुःखं सांगत होत्या. एक तरुण सुनबाई दगडाला कपाळ लावून कितीतरी वेळ तशीच राहिली. काहीही झालं तरी ते रडणं खोटं नव्हतं.

नारळ फोडण्याआधी पाटलांनी मला पुढे बोलावलं आणि पुण्याच्या बाई राणीविषयी दोन शब्द सांगतील असं जाहीर केलं. मला आधी कल्पना नव्हती. मी उभी राहिले. वर्गात रोज बोलणारी मी, पण समोर अख्खं गाव मांडी घालून बसलेलं. आधी मी गावाचे आभार मानले. मग म्हणाले की बोलपट चांगला होता, मीही पाहिला, मीही रडले. पण बोलपट रचणारे गोष्ट रचतात, त्यांना एक वाईट माणूस लागतो. हामू नायकाने गढी विकली असं मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. त्याच्या नावावर आज कोणाला गद्दार म्हणणं बरोबर नाही.

कोणी ओरडलं नाही, कोणी उठलं नाही. पुढच्या रांगेतले एक वयस्कर शेतकरी हात जोडून, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, पुस्तकात नसन. पण आमी डोळ्यानं पाह्यलं ना."

आजूबाजूच्या माना हलल्या. त्यांनी खरोखरच पाहिलं होतं; दार उघडताना हामूच्या हाताला सुटलेला कंप पाहिला होता, तोंडावरचा घाम पाहिला होता. मी काय पाहिलं होतं?

मग बायांच्या बाजूने कोणीतरी विचारलं, राणी तरी आहे का पुस्तकात. मी पाहिलं, ती दगडाला कपाळ लावून राहिलेली सुनबाई होती. माझ्या मनात आलं, हो म्हणावं. एका शब्दाने कोणाचं काय बिघडणार होतं? पण वर्गात उभं राहून इतकी वर्षं गेली की खोटं बोलायला जीभ वळत नाही.

"राणीही नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी तिच्या हातातलं काही हिसकावून घेतलंय. पाटलांनी घाईने नारळ फोडला आणि वाजंत्री सुरू झाली.

त्या दिवशी माझ्या पाहुणचारात काही कमी झालं नाही. ताट वाढलं होतं, भाकर ऊनऊन होती, वाटीत न मागता गूळ होता. पण यशोदाबाई समोर बसल्या नाहीत. आतल्या खोलीत त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता, तेवढाच. पाटील येऊन म्हणाले की परवाच्या बसला गाडी सोडायला सांगतो. मी मान हलवली. इतक्या लांब येऊन मी एका बाईची राणी नेली आणि तांड्याला त्यांचा हामू परत दिला नाही, असं माझ्या लक्षात आलं. घरी, त्या दोन खोल्यांत, मी इतकी एकटी नव्हते. तिथे निदान कोणी माझ्यामुळे दुखावलेलं नव्हतं.

गढीवर

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले. झालं ते सांगून निरोप घ्यावा एवढ्यासाठीच. नायक शेतात होते. याडी दारात होती. मी सांगितलं, याडी, मी बोलले, पण कोणी ऐकलं नाही. तिला ते आधीच कळलं होतं. ती म्हणाली की बोलल्यानं कोणी ऐकत नसते. मग उठली, गुडघ्यांवर हात टेकत, आत जाऊन एक पितळी घागर घेऊन आली आणि म्हणाली, "चाल. पाणी घालून येऊ."

मी म्हटलं, गावाने नको म्हटलंय ना. तिने उत्तर दिलं की जत्रेले नको म्हटलं. जत्रा काल झाली.

घागर मी घेऊ पाहिली; तिने दिली नाही. चढ फार नव्हता, पण ती मध्येमध्ये थांबत होती. वर कोणीच नव्हतं. रेवड्यांचे कागद वाऱ्यावर फिरत होते, पाळण्याचे खांब काढून नेलेल्या जागी खड्डे पडले होते. तिने देवीला पाणी घातलं, ठाण्यासमोर बसली आणि गाऊ लागली. गोड आवाज नव्हे. उंच, चिरका, एका सुरावर बराच वेळ राहणारा. भाषा तांड्याची. मला शब्द कळत नव्हते, म्हणून दर कडव्यानंतर ती थांबे आणि माझ्यासाठी वऱ्हाडीत सांगे.

वेढा पडला. हामू रोज रात्री गोणी घेऊन नाल्यातून आत जाई. मग नालाही अडवला. गढीत दाणा संपला, माणसं चिंचेचा पाला खाऊ लागली. हामू शेवटचा आत गेला तेव्हा त्याच्या बैलावर धान्य नव्हतं, एक फेटिया, म्हणजे घागरा, काचळी, म्हणजे चोळी, आणि छांटिया होती, त्याच्या बायकोची. पहाटे त्याने दार उघडलं.

इथे मी सावध झाले. दार त्यानेच उघडलं होतं. बोलपटात आणि गाण्यात एवढं एकच होतं.

रिकामे बैल बाहेर निघाले, आणि त्यांच्यामागे काठी घेऊन तांड्याची एक बाई चालत गेली. शत्रूच्या माणसांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. हामू आत थांबला. का थांबला ते गाणं सांगत नाही. त्याला बुरुजाखाली मारला.

याडीने वाकून त्या दगडाकडे बोट केलं, लुगडं आणि नथ घातलेल्या. "तो आमचा हामू आहे," ती म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. गाव त्याला हळदकुंकू लावतंय, लावू दे, असंच काहीसं होतं.

मला मागे चाहूल लागली. तटाच्या फटीशी यशोदाबाई उभ्या होत्या. हातात पूजेचं तबक. त्या कधी आल्या कोण जाणे. गाणं त्यांनी ऐकलं होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटलं आता त्या मागे फिरतील. त्या पुढे आल्या, आणि दगडापाशी न थांबता आमच्यापासून थोड्या अंतरावर येऊन बसल्या.

तबक त्यांनी मांडीवर घेतलं. मग त्यांनी याडीला विचारलं, "मंग राणीचं काय झालं?"

"तांड्यासंगं गेली. गोणी शिवे, बैल हाके. आमची बोली शिकली."

"अन् मंग?"

"मंग काय. म्हातारी झाली."

यशोदाबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. राणी म्हातारी होते हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. मलाही नव्हतं. बोलपटातली राणी उडी घेते आणि तिथे पडदा पडतो. तिला दुसऱ्या दिवशी सकाळी उठावं लागत नाही. हिला लागलं होतं. परक्या भाषेत, परक्यांच्या चुलीवर, कितीतरी सकाळी.

"तिले तथी कोणी होतं का," यशोदाबाईंनी हळूच विचारलं, "आपलं म्हणावं असं?"

याडीने विचार केला. ओठ हलले, मनातल्या मनात ती सगळं गाणं पुन्हा म्हणून पाहत होती. मग म्हणाली, "ते गाण्यात नाई."

हे खरं की सिनेमा खरा, ते मी सांगू शकत नाही. गाणंही कोणीतरी रचलेलंच असतं, आणि ज्यांचा हामू त्यांचंच ते गाणं. मी यशोदाबाईंना तसं म्हणाले नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी तबक खाली ठेवलं, पदरात बांधून आणलेल्या तुरीच्या शेंगा सोडल्या आणि तीन वाटे केले. आम्ही तिघी शेंगा सोलून खात बसलो. नंतर यशोदाबाई म्हणाल्या की पुढच्या जत्रेच्या पाण्याचं मी पाटलांशी बोलते. याडी म्हणाली, बोलावशीन तं येईन. त्यापुढे त्या दोघी त्या वर्षीच्या तुरीवर बोलू लागल्या, कीड कुठे पडली आणि कुठे नाही. उतरताना घागर यशोदाबाईंनी घेतली. याडीने ती त्यांना दिली.

परतीचा दिवस

गाडी फाट्याला लागली तेव्हा उन्हं वर आली होती. या खेपेला फाटा बरोबर होता. निघताना पाटील म्हणाले, पुन्हा या. आणि यशोदाबाईंनी माझ्या पिशवीत सोल्यांची पुरचुंडी कोंबली. पुढच्या जत्रेला काय होईल ते मला माहीत नाही. यशोदाबाई बोलतील. पाटील ऐकतील की नाही, आणि गाव पाटलांचं ऐकेल की नाही, हे पुण्यात बसून सांगता येणार नाही. तांड्याची पोरं शाळेत परत आलेली मी पाहिली नाहीत.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. डोळे मिटले की राणी यायची, पण ती पडद्यावरचीच: तरुण, गोरी, पांढऱ्या घोड्यावर. मी तिला बाजूला सारून दुसरीला आणू पाहत होते, गोण्या शिवणारीला, आणि ती येतच नव्हती. तिचा चेहरा कोणी कधी दाखवलाच नव्हता. इतिहासाची शिक्षिका असून मला एक म्हातारी बाई डोळ्यांपुढे उभी करता येईना. कापसाची रानं मागे जात राहिली. राळेगाव जवळ आल्यावर मी तिला याडीचा चेहरा देऊन पाहिला, वाकलेली पाठ, हातभर पांढऱ्या बांगड्या, आणि तेव्हा कुठे ती बैलांमागून चालू लागली.